सिझर किती टक्के विचारण्याआधी, कोणत्या बाईचं सिझर ते विचारा (बडोदा)

रजिस्टरवाली सिस्टर

घरात कोणाला दिवस गेले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो नाव कुठे नोंदवायचं, आणि मग कोणीतरी हमखास सांगतं की तिकडे नको, तिथे सगळ्यांची सिझरच करतात. रावपुरा असो की अलकापुरी की वाघोडिया रोड, सगळीकडे हेच ऐकते. काळजी खरी आहे, मला त्याबद्दल काहीच म्हणायचं नाही, पण ज्या एका आकड्यावरून आपण दवाखाना चांगला की वाईट ठरवतो तो आकडा एकटा काही सांगत नाही हे मला रोज कामात दिसतं म्हणून हा धागा काढतेय. मी बडोद्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लेबर रूमला बरीच वर्षं सिस्टर आहे आणि आता बाळंतपणांचं रजिस्टर माझ्याकडे असतं.

त्या रजिस्टरमधे प्रत्येक बाईला ती दाखल झाली की एक गट लिहितो, १ ते १०. याला रॉबसनचं वर्गीकरण म्हणतात. मायकेल रॉबसन हे डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलचे डॉक्टर, त्यांनी २००१ मधे हे मांडलं आणि २०१५ मधे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की सिझरचं प्रमाण मोजायचं आणि एकमेकांशी ताडून बघायचं तर सगळ्या जगाने हेच वापरावं. यात कुठलं महागडं मशीन लागत नाही की सॉफ्टवेअर लागत नाही. फक्त सहा गोष्टी विचारायच्या. पहिलटकरीण आहे का, आधी सिझर झालंय का, महिने भरलेत का म्हणजे ३७ आठवडे झालेत का, पोटात एक आहे की जुळं, बाळ डोक्याकडून आहे की पायाळू की आडवं, आणि कळा आपोआप आल्या की औषधाने आणल्या की कळा यायच्या आधीच सिझरला घेतलं. झालं. या उत्तरांवरून जगातली कुठलीही बाळंतीण दहापैकी एका आणि एकाच गटात बसते, कोणी बाहेर राहत नाही आणि कोणी दोन ठिकाणी मोजली जात नाही.

गट १ म्हणजे पहिलटकरीण, एक बाळ, डोकं खाली, महिने भरलेले आणि कळा आपोआप सुरू. गट २ तीच, पण कळा औषधाने आणल्या किंवा कळांआधीच सिझर केलं. ३ आणि ४ म्हणजे अशाच दोन तऱ्हा, पण बाई आधी बाळंत झालेली आणि पोटावर जुनं सिझर नसलेली. ५ म्हणजे आधी सिझर झालेली, बाकी सगळं सरळ. मग ६ आणि ७ पायाळूवाल्या, ६ पहिलटकरीण आणि ७ इतर, ८ जुळं तिळं, ९ आडवं किंवा तिरकं आणि १० म्हणजे डोकं खाली आहे पण ३७ आठवडे भरायच्या आत बाळंत झालेली.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं ते सांगते. यात सिझर ‘का’ केलं हे विचारलेलंच नाही. आधी आम्ही कारणं लिहायचो, बाळाचे ठोके कमी झाले, पाणी कमी, बाळाने पोटात शी केली, प्रगती नाही, आणि एकाच केसला एक डॉक्टर एक कारण लिहायचे न दुसरे दुसरं लिहायचे, शिवाय एकीलाच तीन कारणं असायची, मग महिनाअखेरीस त्यातून काय काढणार? गट मात्र बाई दारात आली तेव्हा कशी होती त्यावरून ठरतो, त्याबद्दल वाद होत नाही. कारण नंतर बघायचं, आणि त्या त्या गटाच्या आत बघायचं.

या धाग्यावर मला एवढंच म्हणायचंय की सिझर कमी करायचं असेल तर सरसकट सगळ्यांचं कमी करा असं म्हणून ते होत नाही आणि ते करूही नये. जिला लागतं तिला ते मिळालंच पाहिजे. दाहोद, छोटाउदेपूरकडून १०८ मधून अडलेली बाळंतीण येते तेव्हा मिनिटं मोजावी लागतात, तिच्यासमोर टक्केवारीचं बोलणं पाप आहे. बघायचं ते गट १ आणि २ कडे. पहिलटकरणीकडे. कारण तिचं आज सिझर झालं की पुढच्या खेपेला ती गट ५ मधे येते आणि गट ५ मधे बहुतेकींचं परत सिझरच होतं.

मांजलपूरचा बाबा

ताई माहिती चांगली आहे पण खरं सांगू का, सामान्य माणसाला हे गट बिट सगळं डॉक्टरांना वाचवायला काढलेलं वाटणार. माझ्या मिसेसचं पहिलं बाळंतपण, ३८ आठवडे, कळा नाहीत काही नाही, रुटीन दाखवायला गेलो तर म्हणे पाणी कमी आहे रिस्क घ्यायची का तुम्हीच सांगा. आता ‘रिस्क घ्यायची का’ असं विचारल्यावर कुठला बाप हो म्हणेल? तासाभरात ओटीत. बाळ तीन किलोच्या वर, दणदणीत रडलं, त्याला काही झालं नव्हतं. देवाची कृपा, दोघं छान आहेत पण तो प्रश्न डोक्यातून जात नाही की लागलं होतं का खरंच. बिल नॉर्मलच्या दुप्पटीहून जास्त. माझं म्हणणं सोपं आहे, प्रत्येक हॉस्पिटलने आपले टक्के दारावर लावावेत, लोक ठरवतील.

आकडेमोड

मांजलपूरकर, तुमचा राग समजतो, आणि देशाचे आकडे तुमच्या बाजूने आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ ला भारतात सिझरचं प्रमाण ८.५% होतं, २०१५-१६ ला १७.२% आणि २०१९-२१ ला २१.५%. आपलं गुजरात २१ च्या आसपास म्हणजे देशाएवढंच. तेलंगणात ६०.७%. पण खरा फरक पुढे आहे, २०१९-२१ च्याच पाहणीत देशभरात सरकारी ठिकाणी १४.३% आणि खाजगी ठिकाणी ४७.४%. बायकांची शरीरं तर सरकारी दारात एक आणि खाजगी दारात दुसरी अशी नसतात.

पण दारावर टक्के लावायची कल्पना, ती २०१७ मधेही आली होती, मनेका गांधी महिला व बालविकास मंत्री असताना त्यांनी आरोग्य मंत्रालयाकडे हॉस्पिटलांनी आकडे जाहीर करावेत असा आग्रह धरला होता. हेतू शंभर टक्के बरोबर. अडचण कुठे येते ते एक काल्पनिक हिशोब करून दाखवतो, आकडे माझे बनवलेले आहेत, फक्त समजण्यासाठी.

समजा दोन हॉस्पिटलं, दोन्हीकडे १०० बाळंतपणं आणि दोन्हीकडे ३० सिझर. पहिल्याकडे आजूबाजूच्या तालुक्यांतून केसेस पाठवतात, तिथे ३० बायका आधी सिझर झालेल्या, त्यातल्या १८ जणींचं परत सिझर. १० जणी जुळं, पायाळू, दिवस कमी अशा, त्यात ६. आणि उरलेल्या ६० सरळ केसेसमधे ६. एकूण ३०. दुसरं शहरातलं नीटनेटकं नर्सिंग होम, तिथे आधी सिझरवाल्या फक्त १० आणि दहाच्या दहा परत सिझर. ५ अवघड, पाचही सिझर. आणि उरलेल्या ८५ सरळ बायकांत १५. इथेही ३०. दारावर दोघांच्याही ‘३०%’ लिहिलेलं असेल. पण सरळ केसवाली बाई पहिल्या ठिकाणी गेली तर तिची शक्यता दहात एक, आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ सहात एक. आणि आधी सिझर झालेली गेली तर पहिल्याकडे तिला निदान प्रयत्न करायला मिळतो. हा फरक त्या पाटीवर दिसणारच नाही.

सयाजीराव हॉस्पिटलसारख्या ठिकाणी अर्ध्या मध्य गुजरातच्या अवघड केसेस येतात, तिथला नुसता टक्का एखाद्या १० खाटांच्या नर्सिंग होमशेजारी ठेवणं म्हणजे अन्याय आहे. म्हणून पाटी लावा पण गटवार लावा, निदान गट १, २ आणि ५ ची तरी.

रजिस्टरवाली सिस्टर

आकडेमोड, हेच मला सांगायचं होतं, धन्यवाद. त्यात थोडी भर घालते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मधे या वर्गीकरणाचं एक हस्तपुस्तक काढलं, त्यात आपलं रजिस्टर वाचायचं कसं ते दिलंय. गट १ मधे १०% च्या आत राहणं जमण्यासारखं आहे, गट ३ मधे ३% च्या वर सहसा जायला नको, गट ५ मधे ५० ते ६०% ठीक आहे, अर्थात आई आणि बाळ दोघं चांगले राहत असतील तर. शिवाय गट १ च्या बायका गट २ च्या दुप्पट किंवा जास्त असाव्यात. म्हणजे तुमच्याकडे गट १ छोटा आणि गट २ मोठा दिसला तर बाईला कळा यायच्या आधीच आपण हात घालतोय का हे विचारायचं. आणि एक गंमतीची खूण, गट ९ म्हणजे आडवं मूल, तिथे १०० पैकी १०० सिझर असायला हवीत, कोणी ‘नॉर्मल’ लिहिलेलं सापडलं तर समजायचं की रजिस्टर भरण्यात चूक आहे. आम्ही दर महिन्याला पहिले तेच तपासतो.

आणि सिझर १० ते १५ टक्केच असावं हा आकडा सगळे फेकतात ना, तो १९८५ च्या ब्राझीलमधल्या फोर्टालेझाच्या बैठकीतला आहे. २०१५ मधे संघटनेने परत सगळं तपासून सांगितलं की पूर्ण लोकसंख्येचा विचार केला तर १०% पर्यंत सिझर वाढतं तसे आई आणि बाळाचे मृत्यू कमी होतात, त्यापुढे सिझर वाढलं म्हणून मृत्यू कमी होताना दिसत नाहीत. पण ते लोकसंख्येचं आहे, एका हॉस्पिटलाचं लक्ष्य नाही, आणि त्याच निवेदनात लिहिलंय की ठराविक टक्का गाठण्यामागे लागू नका, गरज असेल त्या प्रत्येक बाईला सिझर मिळेल हे बघा.

मांजलपूरकर भाऊ, तुमच्या मिसेस गट २ मधे येतात, कळांआधी सिझर. मी त्या खोलीत नव्हते, त्यामुळे लागलं होतं का ते मी सांगू शकत नाही आणि सांगणार पण नाही. पण असं बघा, एखाद्या ठिकाणी गट २ मधल्या अशा केसेस महिन्याला किती होतात, त्यातल्या किती ‘पाणी कमी’ च्या नावावर होतात आणि पाणी खरंच किती होतं, हे जर दर महिन्याला सगळे डॉक्टर एका टेबलावर बसून बघत असतील तर पुढच्या बाईला तो ‘रिस्क घ्यायची का’ प्रश्न इतक्या सहज कोणी विचारणार नाही.

नर्सिंगहोमवाला डॉक्टर

सिस्टर, तुम्ही रजिस्टर मनापासून भरता हे जाणवतंय. मी बडोद्यातच छोटं नर्सिंग होम चालवतो, मी एकटा डॉक्टर, बायको हिशोब बघते. या विषयावर आमची बाजू पण आली पाहिजे म्हणून लिहितोय, कोणाचा बचाव म्हणून नाही.

गट १ च्या पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत कधीकधी पूर्ण रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. तेवढा वेळ कोणीतरी जाणकार तिच्यापाशी बसलेलं पाहिजे, ठोके ऐकत, धीर देत. मोठ्या ठिकाणी पाळीने डॉक्टर असतात, माझ्याकडे मीच. सकाळी ओपीडी, संध्याकाळी ओपीडी. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, रात्री २ ला इमर्जन्सी निघाली तर ते अर्ध्या तासात पोचतील की नाही हे माझ्या हातात नसतं. मग संध्याकाळी ७ ला जेव्हा गर्भपिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडून गाडी तिथेच अडकल्यासारखी वाटते तेव्हा मनात येतंच की आत्ता भूलतज्ज्ञ आहेत, आत्ता उरकू. हे मी इथे उघड लिहितोय कारण यावर बोललं गेलं नाही तर नुसते गट पाडून काही होणार नाही. आणि दुसरं, सिझर केलं म्हणून आजवर कोणी कोर्टात खेचल्याचं मी आमच्यात ऐकलं नाही, सिझर उशिरा केलं म्हणून मात्र तोडफोडीपर्यंत गोष्टी गेलेल्या ऐकल्यात.

एक मुद्दा सिस्टरांच्या म्हणण्यात थोडा सुधारतो. औषधाने कळा आणल्या की सिझर वाढतंच असं नाही. अमेरिकेत २०१८ ला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, कमी जोखमीच्या पहिलटकरणींना ३९ व्या आठवड्यात कळा आणल्या त्या गटात सिझर १८.६% आणि ज्यांची वाट बघितली त्यांच्यात २२.२%. म्हणजे उलट कमी. तेव्हा गट २ मोठा दिसला की लगेच बोट दाखवू नका.

रजिस्टरवाली सिस्टर

डॉक्टरसाहेब, तुम्ही इतकं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. एकट्याने चालवणाऱ्यांची रात्र मी बघितलीय, ते खोटं नाही.

तो अभ्यास मला माहीत आहे, आमच्या मॅडमनी आम्हाला समजावला होता. पण त्यात धीर धरायचे नियम होते ना. ‘कळा आणायचा प्रयत्न फसला’ असं म्हणायची घाई नव्हती. २०१४ च्या अमेरिकन मार्गदर्शनातही आहे की पाण्याची पिशवी फोडून कळांची ड्रिप लावल्यावर निदान १२ ते १८ तास दिल्याशिवाय फसलं म्हणायचं नाही, आई आणि बाळ ठीक असतील तर. आपल्याकडे कितीदा तरी सकाळी गोळी ठेवली न संध्याकाळी ओटी, असं होतं. म्हणूनच रजिस्टरमधे आम्ही गट २ चे दोन भाग करतो, २अ म्हणजे कळा आणल्या आणि २ब म्हणजे कळांआधीच सिझर. दोन्हीचे प्रश्न वेगळे आहेत. २अ मधे विचारायचं पुरेसा वेळ दिला का, २ब मधे विचारायचं सुरुवातच का केली नाही.

आणि चार सेंटीमीटरवर अडकलं म्हणताय ते, २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की कळांचा जोराचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरायचा आणि तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा जुना नियम सगळ्यांना लावायचा नाही, पहिलटकरणीला याहून हळू जाणं नॉर्मल असू शकतं. आम्ही शिकलो तेव्हा तो तासाला एक सेंटीमीटरचा कागद भिंतीवर असायचा आणि रेघ ओलांडली की धावपळ. आता २०२० चा नवा लेबर केअर गाइड आलाय, त्यात बाईला पाणी दिलं का, ती हिंडतेय का, सोबत कोणी आहे का हेही लिहावं लागतं. आमच्याकडे आई किंवा सासू किंवा नवरा, तिला हवं ते एक माणूस आत येऊ द्यायला लागल्यापासून लेबर रूममधली ओरड निम्मी झाली असं माझं निरीक्षण आहे, हे मोजलेलं नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे. एकटी घाबरलेली पोर ‘माझं पोट कापा पण मला सोडवा’ म्हणते, आणि तेच कोणीतरी पाठ चोळत बसलं तर तीच पोर आठ सेंटीमीटरपर्यंत जाते.

दांडिया बाजारच्या आजी

सगळं वाचलं बाळांनो. सिस्टरबाई तुम्ही छान समजावता. मी एकच विचारते, डॉक्टरांकडे बोट दाखवताना घरच्यांचं काय? आमच्या शेजारच्या गुजराती भाभींकडे सुनेची तारीख चोघडियं बघून ठरली, पंडितजींनी वेळ काढून दिली न डॉक्टरांना ती वेळ सांगितली. आपल्या मराठी घरांत पण आता हेच चालू झालंय, श्राद्धपक्षात नको, अमावस्येला नको, एक दिवस आधीच करून टाका. माझी पाच बाळंतपणं झाली आणि त्यातलं एक बाळ अडून गेलं, तेव्हा जवळ दवाखाना असता तर ते आज पन्नाशीचं असतं. म्हणून सिझरला मी वाईट म्हणणार नाही कधी. पण मुहूर्तासाठी पोट कापणं मला बघवत नाही.

नर्सिंगहोमवाला डॉक्टर

आजी नमस्कार. घरच्यांबद्दलचा तुमचा प्रश्न प्रत्येकाने वाचावा असा आहे. हो, मुहूर्ताची मागणी येते आणि ‘आम्हाला त्रास नको, डायरेक्ट सिझरच करा’ ही मागणी पण येते, आणि नाही म्हटलं तर पेशंट समोरच्या गल्लीत जातो. अशी मागणी ३९ आठवड्यांच्या आधी तरी मी मान्य करत नाही कारण कळा न येता लवकर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास जास्त होतो, पेटीत ठेवायची वेळ येते. हे सांगितलं की निम्मे लोक ऐकतात.

पैशाबद्दल कोणीतरी विचारणारच होतं म्हणून आधीच लिहितो. आपल्या गुजरातेतच याचं एक उदाहरण आहे, चिरंजीवी योजना. २००५ च्या शेवटी बनासकांठा, दाहोद, कच्छ, पंचमहाल आणि साबरकांठा या पाच जिल्ह्यांत सुरू झाली आणि नंतर राज्यभर. गरीब बाईचं बाळंतपण खाजगी डॉक्टरने करायचं आणि सरकार १०० बाळंतपणांमागे एकच ठरलेली रक्कम देणार, सुरुवातीला ती १,७९,५०० होती, मग त्यातली नॉर्मल किती न सिझर किती याने पैशात फरक नाही. म्हणजे सिझर करण्यात फायदा उरला नाही. विचार म्हणून उत्तम. पण त्याला दुसरी बाजू आहे, अवघड बाई दिसली की हिला दुसरीकडे पाठवा असा मोह त्यात तयार होतो. इथेही गट लिहिलेले असले तर लगेच दिसेल की अमक्याकडे गट ५, ८, १० च्या बायका कधी येतच नाहीत, असं का.

सई अलकापुरी

मी पूर्ण धागा दोनदा वाचला. मी गट ५ आहे. पहिलं सिझर तीन वर्षांपूर्वी, बाळ पायाळू होतं म्हणून. आता सातवा महिना चालू आहे, यावेळी डोकं खाली आहे. माझी इच्छा नॉर्मलची आहे पण पहिल्या भेटीतच डॉक्टर म्हणाल्या एकदा सिझर की नेहमी सिझर, टाके उसवले तर? सासूबाई घाबरल्या, माझी आई पण तेच म्हणते. मला कोणाशी भांडायचं नाही, मला फक्त खरे आकडे हवेत. टाके उसवायची शक्यता नक्की किती असते?

रजिस्टरवाली सिस्टर

सई, आधी मनापासून शुभेच्छा. डॉक्टरसाहेब जास्त नीट सांगतील पण मी थोडं लिहिते.

आधीचं एकच सिझर असेल आणि पोटाच्या आत गर्भपिशवीवर काप खाली आडवा दिलेला असेल, तर कळा येऊ दिलेल्या बायकांत पिशवीचा टाका उसवायचं प्रमाण साधारण २०० त १ असतं. आणि प्रयत्न केला तर चारातल्या जवळपास तिघींचं नॉर्मल होतं. तुझ्यासाठी चांगली गोष्ट म्हणजे तुझं पहिलं सिझर पायाळूमुळे होतं, बाळ अडलं म्हणून नव्हतं, ते कारण यावेळी राहिलेलं नाही, अशा बायकांना यश जास्त येतं. मधे तीन वर्षं गेली हेही चांगलं.

पण २०० त १ म्हणजे शून्य नाही, आणि उसवलं तर बाळाला आणि आईला दोघांना धोका असतो, तिथे मिनिटांचा खेळ असतो. म्हणून हे कुठेही करायचं नाही. चोवीस तास ओटी, आत राहणारा भूलतज्ज्ञ, रक्त आणि बाळाचे डॉक्टर असतील तिथेच. तुझ्या डॉक्टर नाही म्हणाल्या ते कदाचित त्यांच्याकडे हे सगळं रात्री नसेल म्हणूनही असेल, तसं असेल तर ते प्रामाणिक उत्तर आहे, त्यांना तेच सरळ विचार.

आणि परत सिझर हाही काही बिनधोक रस्ता नाही हे पण सासूबाईंना सांग. पुढे तिसरं बाळ हवं असेल तर विशेष. वार (प्लासेंटा) खाली येऊन बसली आणि आधीचं एक सिझर असेल तर ती वार पिशवीच्या स्नायूत रुतायची शक्यता ११% च्या आसपास, आधीची दोन असतील तर ४०%. मी अशी केस बघितली आहे, रक्ताच्या बाटल्या संपत नाहीत त्या दिवशी. पहिलटकरणीचं पहिलं सिझर टाळण्यावर मी एवढा जोर का देते त्याचं हे कारण आहे.

नर्सिंगहोमवाला डॉक्टर

सिस्टरांनी नीट सांगितलंय. फक्त दोन गोष्टी. सई, तुमच्या पहिल्या ऑपरेशनचा कागद शोधा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, ऑपरेशन नोट. बाहेरच्या कातडीवरचा आडवा टाका बघून आतला काप कळत नाही. पहिल्या हॉस्पिटलला लेखी मागितलं तर त्यांनी ७२ तासांत द्यायला हवं, तो नियम आहे. दुसरं, कळा आपोआप आल्या तर उत्तम, औषधाने आणायची वेळ आली तर उसवायचा धोका वाढतो, तेव्हा तारीख उलटल्यावर काय करायचं हे आत्ताच ठरवून ठेवा.

अवांतर: पायाळू होतं म्हणालात, त्यावेळी बाहेरून पोटावर हात लावून बाळ फिरवायचा प्रयत्न कोणी सुचवला होता का? ३६-३७ आठवड्यांना अनुभवी हातांनी साधारण निम्म्या बायकांत बाळ फिरतं. गट ६ कमी करायचा हा सगळ्यात साधा उपाय आहे आणि आमच्यात तो करणारे हात कमी होत चाललेत याचं मला वाईट वाटतं.

सई अलकापुरी

नाही, तेव्हा असं काही असतं हे पण कोणी सांगितलं नव्हतं. कागद उद्याच मागते. खूप धन्यवाद दोघांना.

मांजलपूरचा बाबा

मी सुरुवातीला जे लिहिलं त्यात राग होता आणि तो अजून आहे, पण आता प्रश्न नीट विचारता येईल असं वाटतंय. माझ्या बहिणीला पाचवा महिना आहे, पहिलटकरीण. नाव नोंदवायच्या आधी डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं? ‘तुमचं सिझर किती टक्के’ हे तर विचारायचं नाही हे कळलं.

रजिस्टरवाली सिस्टर

भाऊ, असं विचारा. माझ्या बहिणीसारख्या, म्हणजे पहिलं बाळ, डोकं खाली, महिने भरलेले, कळा आपोआप आलेल्या, अशा बायकांत तुमच्याकडे सिझर किती होतात? आकडा नाही मिळाला तरी चेहऱ्यावरून कळेल की असा विचार तिथे कधी झालाय का. मग विचारा की कळा चालू असताना तिच्यासोबत घरचं एक माणूस राहू शकेल का, रात्री जवळ कोण असतं, आणि सिझर ठरवायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता का. हे दुसऱ्या मताचं फार उपयोगी पडतं, जिथे दोन डॉक्टर उपलब्ध आहेत तिथे तरी, आणि २०१८ मधे जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सुचवलंय. पण हे सगळं शांतपणे पाचव्या महिन्यात विचारायचं. कळा सुरू झाल्यावर लेबर रूमच्या दारात उभं राहून नाही, तेव्हा डॉक्टर सिझर म्हणाले तर वेळ न घालवता सही करायची, तिथे अडून राहण्याने मी बाळं गेलेली बघितलीत.

बहिणीला म्हणावं खाली बसून कामं कर, चाल, आणि सगळ्यात म्हणजे कळा कशा असतात हे आधी समजून घे. ज्या मुली माहिती घेऊन येतात त्या कमी घाबरतात. आमच्याकडे सातव्या महिन्यानंतर त्यासाठी वर्ग घेतो, बऱ्याच ठिकाणी घेतात, विचारा.

नर्सिंगहोमवाला डॉक्टर

सिस्टर, मी या महिन्यापासून रजिस्टरमधे गटाचा रकाना आखलाय. बायको भरणार आहे, तिने आजच तीन शंका काढल्या. आधी सिझर झालंय आणि यावेळी बाळ पायाळू, ती ५ की ७? पाणी गेलं म्हणून आली, कळा नव्हत्या, ड्रिप लावली, ती १ की २? आणि सिझरची तारीख दिलेली होती पण आदल्या रात्री कळा घेऊनच आली अशी पहिलटकरीण?

रजिस्टरवाली सिस्टर

वा, वहिनींना सांगा अगदी बरोबर शंका आहेत, आमच्याकडे पण पहिले याच आल्या होत्या.

पायाळू असेल तर आधीचं सिझर असलं तरी ती ७ मधे, ५ मधे फक्त डोकं खाली असलेल्या. जुळं असेल तर तसंच, आधी सिझर असलं तरी ८. पाणी गेलेली पण कळा नसलेली पहिलटकरीण, तिला ड्रिपने कळा आणल्या म्हणजे २अ. पण कळा आपोआप आल्या होत्या आणि नंतर जोर कमी पडला म्हणून ड्रिप लावली तर ती १ च राहते, इथे सगळ्यात जास्त चुका होतात, ड्रिप दिसली की २ लिहून मोकळे होतात. आणि तारीख दिलेली पण कळा घेऊन आली तर ती १, कारण आपण काय ठरवलं होतं ते मोजायचं नसतं, ती कशी आली ते मोजायचं.

गट दाखल करतानाच पेन्सिलने लिहा आणि बाळंतपण झाल्यावर पेनाने पक्का करा. महिना झाला की गट १, २अ, २ब आणि ५ चे आकडे मला कळवा, आमच्या शेजारी ठेवून बघू.